बँकेच्या लिलावातला फ्लॅट घेताना: बोलीआधी ताबा आणि पैसा

पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरांत ई-लिलावाची सूचना छापलेली असते. ती वाचणाऱ्याची नजर सगळ्यात आधी राखीव किमतीवर, म्हणजे बोली जिथून सुरू होते त्या आकड्यावर, जाते. त्याच सोसायटीतला फ्लॅट बाजारात ६० लाखांना जातोय आणि इथे ४५ लाख लिहिलेले दिसतात. मग हिशेब तिथेच थांबतो आणि माणूस थेट बोली लावायला निघतो. मला नवख्यांना सांगायचंय ते हेच, की या १५ लाखांच्या मोबदल्यात तुम्ही काही कामं अंगावर घेत असता. घर रिकामं करून मिळवायचं, जुनी थकबाकी फेडायची, कागद सरळ करायचे आणि हे होईपर्यंत पैसा अडकवून ठेवायचा. या प्रत्येक कामाची किंमत बोलीच्या आधी काढता येते. ती काढून उतरलात तर लिलावातलं घर खरोखर चांगली गुंतवणूक ठरतं.

इथे मी सरफेसी कायद्याखाली (बँकेला कोर्टात न जाता तारण विकून कर्ज वसूल करू देणारा कायदा) होणाऱ्या, महाराष्ट्रातल्या राहत्या फ्लॅटच्या लिलावांबद्दलच लिहितोय. पतसंस्था सहकार कायद्याखाली, नियम १०७ नुसार जी विक्री करतात तिची रीत आणि मुदती वेगळ्या आहेत, तिथे हे मोजमाप जसंच्या तसं लावू नका. शेतजमिनीला तर सरफेसी लागूच होत नाही.

लिलावापर्यंत गोष्ट येते कशी

हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं कर्ज, होतं. मग बँक कर्जदाराला आणि जामीनदाराला कलम १३(२) ची मागणी नोटीस देते. त्यात ६० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर कलम १३(४) खाली ताबा घेतला जातो, दाराला नोटीस चिकटवली जाते आणि दोन वर्तमानपत्रांत ती छापली जाते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. पुढे मूल्यांकन होतं, राखीव किंमत ठरते आणि विक्रीची सूचना निघते. पहिल्या लिलावासाठी सूचना आणि विक्री यांत किमान ३० दिवस जावे लागतात. तो लिलाव फसला तर पुढच्यासाठी १५ दिवस पुरतात.

हे टप्पे पाठ करायला सांगतोय त्याला कारण आहे. बँकेने केलेल्या कारवाईविरुद्ध कर्जदार ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जाऊ शकतो. बँकेने एखादी मुदत पाळली नसेल तर तुमची झालेली खरेदीही तिथे अडकू शकते. म्हणून मागणी नोटीस, ताबा नोटीस आणि विक्री सूचना या तिन्हींच्या तारखा एका कागदावर मांडा आणि मधले दिवस स्वतः मोजा. या कामाला वकील लागत नाही.

एक चांगली बाजूही आहे. पूर्वी कर्जदार अगदी शेवटच्या क्षणी पैसे भरून मालमत्ता सोडवायचा आणि जिंकलेला बोलीदार हात चोळत बसायचा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात ते स्पष्टपणे मांडलं.

सूचना ओळीओळीने वाचा

सरकारी बँकांच्या मालमत्ता ‘बँकनेट’ या पोर्टलवर एकत्र मिळतात. खासगी बँका, गृहवित्त कंपन्या आणि सहकारी बँका यांच्यासाठी त्यांची संकेतस्थळं आणि पेपरातल्या जाहिराती पाहाव्या लागतात. सूचना हातात आली की राखीव किंमत बाजूला ठेवा आणि आधी मालमत्तेचं वर्णन वाचा.

फ्लॅट क्रमांक, मजला, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ. क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्ट-अप? पार्किंगचा उल्लेख आहे का? नसेल तर पार्किंग मिळणार नाही असं धरूनच चाला. जोडफ्लॅटमध्ये तर फार जपा. मालकाने ३०३ आणि ३०४ मधली भिंत पाडून एकच मोठं घर केलेलं असतं, पण गहाण असतो फक्त ३०४. पाहणीला गेलात की प्रशस्त हॉल दिसतो आणि स्वयंपाकघर निघतं ३०३ च्या हद्दीत. लिलावात विकला जातोय तो सूचनेत लिहिलेला क्रमांक, डोळ्यांना दिसणारं घर नव्हे. मूळ करारनाम्याला जोडलेला नकाशा घेऊन जागेवर उभं राहिल्याशिवाय हे कळत नाही.

मग ‘ज्ञात बोजे’ हा रकाना. तिथे बहुतेक वेळा ‘बँकेच्या माहितीप्रमाणे काही नाही’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ बँकेला माहीत नाही एवढाच घ्यायचा. कारण खाली लगेच ‘जेथे आहे, जसे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री असल्याचं लिहिलेलं असतं. म्हणजे नंतर काहीही निघालं तर बँक हात वर करणार.

शेवटी ताब्याचा प्रकार. ‘प्रतीकात्मक’ की ‘प्रत्यक्ष’, या एका शब्दावर सगळा व्यवहार उभा आहे. त्याकडे पुढे येतोच.

कागद आणि थकबाकी

मालमत्तेच्या कामात मुरलेल्या वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च करून घ्या. बँकेने कर्ज देताना तपासलं असेलच, या भरवशावर राहू नका. दुय्यम निबंधकाकडच्या नोंदी, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), मालमत्ता पत्रक किंवा सातबारा हे सगळं त्यात आलं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात कुणा सरकारी खात्याची जप्ती आहे का, ते खास बघा. कर्जदार व्यापारी किंवा कारखानदार असेल तर विक्रीकर, जीएसटी यांची देणी असू शकतात. बँकेने आपला बोजा सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत वेळेवर नोंदवला असेल तर सरकारी देण्यांआधी बँकेचा हक्क लागतो, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात दिला. म्हणून सरसाईवर शोध घ्या. त्याची फी किरकोळ असते. एकाच घरावर दोन बँकांचा बोजा असेल तर तोही तिथेच उघड होतो. डीआरटीच्या आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कर्जदाराच्या नावाने प्रकरण चालू आहे का, तेही शोधा.

त्यानंतर सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्याइतकी खरी माहिती कुणाकडे नसते. घर किती दिवस बंद आहे, आत कोण राहतं, गळती आहे का, मेंटेनन्स किती वर्षांचा थकलाय, त्यावर व्याज किती, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, पुनर्विकासाची बोलणी चाललीत का. थकबाकीचा आकडा शक्यतो लेखी मागा. ती भरल्याशिवाय सोसायटी सभासदत्व द्यायला तयार होत नाही, तेव्हा तो आकडा तुमच्याच खर्चात धरायचा.

घरपट्टीची थकबाकी पालिकेच्या संकेतस्थळावर मालमत्ता क्रमांक टाकून दिसते. विजेच्या बिलाकडे मात्र बरेच जण दुर्लक्ष करतात. मीटरच्या खोलीत जाऊन ग्राहक क्रमांक टिपून घ्या. मीटर काढून नेला असेल तर समजा की बिल मोठं आहे. आधीच्या मालकाची वीजथकबाकी नव्या जोडणीच्या वेळी नव्या मालकाकडून मागण्याची वीज कंपन्यांच्या नियमांतली तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केली आहे.

ताबा

प्रत्यक्ष ताबा म्हणजे बँकेने घर रिकामं करून, पंचनामा करून, आपलं कुलूप आणि सील लावलेलं आहे. पैसे पूर्ण भरलेत की किल्ली मिळते. प्रतीकात्मक ताबा म्हणजे दारावर नोटीस चिकटवली आहे आणि आत कुटुंब राहतंय. कागदावर बँकेचा ताबा, प्रत्यक्षात स्वयंपाकघरात त्यांची चूल पेटलेली.

अशा घराचा प्रत्यक्ष ताबा घेण्यासाठी बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात ३० दिवसांत आदेश अपेक्षित आहे, कारणं नोंदवून एकूण ६० दिवस. पण आदेश हातात आला म्हणजे घर हातात आलं असं होत नाही. तहसीलदार किंवा कोर्ट कमिशनरची तारीख, पोलीस बंदोबस्त, मध्येच डीआरटीची स्थगिती, परीक्षा किंवा आजारपणासाठी मागितलेली मुदत, यात महिने जातात. काही प्रकरणांत वर्षही उलटतं. तेवढा काळ तुमचे हप्ते चालू, भाडं शून्य.

माझं स्पष्ट मत आहे, पहिली खरेदी प्रत्यक्ष ताबा असलेल्याच घराची करा. सूट कमी मिळेल, चालेल. प्रतीकात्मक ताब्याच्या घरात उतरायचंच असेल तर कलम १४ चा अर्ज केलाय का, आदेश झालाय का, त्याची प्रत, आणि विक्रीनंतर ताबा देण्याची जबाबदारी बँक घेते का, हे लिलाव हाताळणाऱ्या बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला ई-मेलवर विचारा. फोनवर ‘होईल हो’ असं उत्तर मिळतं, त्याला काही अर्थ नाही.

भाडेकरूचं प्रकरण वेगळं. घर गहाण पडण्याच्या आधीपासूनचा, नोंदणीकृत करार असलेला खरा भाडेकरू असेल तर त्याला संरक्षण मिळू शकतं, आणि सरफेसीच्या मार्गाने त्याला काढता येईलच असं नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोटिशीनंतर घाईघाईत केलेला दिसला तर तो वकिलाला दाखवा.

आत राहणाऱ्या कुटुंबाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. त्यांचं घर जातंय, आणि त्यात बहुतेक वेळा धंद्यातलं नुकसान, दवाखाना, गेलेली नोकरी असं काहीतरी असतं. एकट्याने जाऊन दार वाजवू नका. माणसं पाठवणं, पाणी-वीज तोडायला लावणं असले सल्ले देणारे एजंट भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. तो सरळ फौजदारी गुन्हा होऊ शकतो आणि तुमचा चांगला दावा त्यात बिघडतो. घर हलवण्यासाठी थोडी मदत आणि ठरलेली तारीख, हे बँकेच्या माहितीने, वकिलामार्फत, लेखी झालं तर पुष्कळदा कोर्टाच्या बंदोबस्ताआधीच घर सन्मानाने रिकामं होतं. ही रक्कम खर्चाच्या हिशेबात आधीच धरून ठेवा.

पैशांचं वेळापत्रक

नेहमीच्या खरेदीत बिल्डर किंवा मालक महिनाभर थांबतो, लिलावात कुणी थांबत नाही. बोलीआधी इसारा अनामत रक्कम भरायची, ती बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के असते. बोली तुमची ठरली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, अनामत धरून, किमतीच्या २५ टक्के. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँक लेखी संमतीने मुदत वाढवू शकते, पण एकूण तीन महिन्यांच्या वर नाही. चुकलात तर भरलेले २५ टक्के जप्त. ‘कर्ज मंजूर व्हायला उशीर झाला’ हे कारण चालत नाही. अशी २५ टक्क्यांची पूर्ण जप्ती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका प्रकरणात कायम ठेवली.

बोली ५० लाखांवर थांबली असं समजा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुमच्या खिशातून १२ लाख ५० हजार गेलेले असणार आणि १५ दिवसांत ३७ लाख ५० हजार उभे करायचे असणार. गृहकर्जाची साधी फाईलसुद्धा एवढ्यात क्वचितच निघते.

म्हणून कर्जाची तयारी बोलीच्या आधी. नुसतं पात्रतेचं पत्र पुरत नाही, कारण ते तुमच्या पगाराबद्दल असतं, या घराबद्दल नसतं. शाखेत जाऊन नेमके प्रश्न विचारा. लिलावातल्या मालमत्तेवर तुम्ही कर्ज देता का? प्रतीकात्मक ताबा असेल तर देता का? मूल्यांकन आणि बोली यांत जी रक्कम कमी असेल तीच धरता का? विक्री प्रमाणपत्र (घर तुम्हाला विकल्याचा बँकेचा दाखला) हातात येण्याआधी लिलाव करणाऱ्या बँकेच्या नावाने थेट रक्कम सोडता का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पूर्ण पैसे भरल्याशिवाय विक्री प्रमाणपत्र मिळत नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय तुमच्या बँकेला गहाण नोंदवता येत नाही. दोन्ही बँकांमध्ये आधी लेखी पत्रव्यवहार झाला तरच हा तिढा सुटतो. लिलाव करणारी बँकच कर्ज द्यायला तयार असेल तर तो मार्ग सर्वांत सोपा. मूळ कागद तिच्याच तिजोरीत असतात. तिचा व्याजदर थोडा जास्त असला तरी पहिल्या व्यवहारात मी तिलाच पसंती देईन. बदलत्या दराचं गृहकर्ज पुढे दुसरीकडे हलवताना व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या मर्यादा लक्षात ठेवा. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के. लिलावात मात्र २५ टक्के तुमचे आधीच गेलेले असतात, त्यामुळे हाती येणारं कर्ज व्यवहारात ७५ टक्क्यांच्या आतच राहतं. मुद्रांक शुल्क, थकबाकी आणि दुरुस्ती वेगळी, तीही स्वतःच्या पैशातून.

कर्ज अडलं तर दुसरी वाट हवीच. मुदत ठेवींवरचा ओव्हरड्राफ्ट, आधीच्या घरावरचं टॉप-अप किंवा मालमत्ता तारण कर्ज, यातलं काहीतरी मंजूर करून ठेवा, वापरलं नाही तरी चालेल. वैयक्तिक कर्ज किंवा सावकाराच्या पैशावर ७५ टक्के भरायला निघालात तर सगळा नफा व्याजात जाईल. आपल्या मोठ्या शहरांत राहत्या घराचं वर्षाचं भाडं किमतीच्या मानाने इतकं कमी आहे, की त्यातून पूर्ण कर्जाचा हप्ता निघत नाही. खिशातून दरमहा किती भर घालावी लागेल, तो आकडा आधी लिहा.

बोली उलट्या बाजूने काढा

त्याच ५० लाखांच्या बोलीचा हिशेब करू. बाजारभाव ६० लाख. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर ३ लाख (शहराप्रमाणे ते बदलतं, आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेलं मूल्य, बोलीपेक्षा जास्त असेल तर आकारणी कशी होईल ते वकिलाला विचारा). नोंदणी फी ३० हजार. सोसायटीची थकबाकी १ लाख ८० हजार, घरपट्टी ६० हजार, वीज २५ हजार, दुरुस्ती ३ लाख, वकील आणि किरकोळ ७५ हजार. ताब्याला १० महिने लागले तर ३५ लाखांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी व्याज २ लाख ६२ हजार ५०० रुपये. बेरीज ६२ लाख ३२ हजार ५००. म्हणजे बाजारापेक्षा महाग!

आता उलट करा. एवढा त्रास घ्यायचा तर एकूण खर्च बाजारभावाच्या किमान १५ टक्के खाली हवा, म्हणजे ५१ लाख. त्यातून वरचा साधारण १२ लाखांचा खर्च वजा केला की बोलीची मर्यादा येते सुमारे ३९ लाख. राखीव किंमत ४५ लाख आहे, आणि तिच्याखाली सहसा विक्री होत नाही. मग हा लिलाव सोडून द्या. कुणी आलं नाही तर पुढच्या फेरीत राखीव किंमत बऱ्याचदा उतरते. त्या सूचनेवर लक्ष ठेवा.

मर्यादा कागदावर लिहून स्क्रीनशेजारी ठेवा. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढत जातो आणि एकेका टप्प्याने माणूस पाच लाख वर कधी गेला ते त्याला कळत नाही.

जिंकल्यानंतर

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. तो कुणाच्या पॅनवर, कर्जदाराच्या की बँकेच्या, हे पैसे भरण्याआधी बँकेकडून लेखी घ्या. आणखी एक खाच आहे. मुद्रांक मूल्य खरेदी किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून प्राप्तिकर मागितला जाऊ शकतो. लिलावातल्या खरेदीला हे कितपत लागू होतं यावर वाद झालेले आहेत, म्हणून सीएला बोलीआधी गाठा.

विक्री प्रमाणपत्र मिळालं की मुद्रांक शुल्क भरून नोंदणी करून घ्या. नोंदणी सक्तीची नाही असे न्यायालयांचे निर्णय आहेत, तरी पुढे विकताना किंवा कर्ज काढताना सगळे इंडेक्स टूच मागतात. नंतर सोसायटीत हस्तांतर (हस्तांतराच्या प्रीमियमला शहरांत २५ हजारांची कमाल मर्यादा आहे), घरपट्टीवर नाव, मीटरवर नाव. कर्जदाराचं सामान आत राहिलं असेल तर बँकेने यादी करून ते हलवल्याशिवाय हात लावू नका.

लिलावाच्या आधीचा एक रस्ता

नवख्यांनी खरं तर हा रस्ता आधी तपासावा. मागणी नोटीस आलेली आहे पण लिलावाची सूचना निघालेली नाही, अशा टप्प्यावर कर्जदार स्वतःच बँकेच्या लेखी संमतीने घर विकू शकतो. संमतीशिवाय मात्र त्याला विकता येत नाही, हे कलम १३(१३) सांगतं. यात त्याला लिलावापेक्षा चार पैसे जास्त मिळतात, घर तो स्वतः रिकामं करून देतो, आणि तुम्हाला नेहमीचं खरेदीखत आणि गृहकर्ज मिळतं. सूट कमी असते, ताब्याची धास्ती जवळजवळ नसते. नीट करायचं तर बँकेकडून एकूण येणं किती आणि ते भरल्यावर मूळ कागद कुणाच्या हाती देणार, याचं पत्र घ्या. तुमची रक्कम कर्जदाराच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा, उरलेलीच त्याला द्या. खरेदीखताच्या दिवशी बँकेचा माणूस मूळ कागद घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहील, हे आधी ठरवा. बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र, मिळाल्यावर सरसाईवरची नोंद निघाली का, ते महिनाभराने पुन्हा तपासा.